आवाज घडवा, गाडी कापू नका: एक्झॉस्टचं काम करणाऱ्यांना खुलं पत्र

एक्झॉस्टचं काम करणाऱ्या सर्व गॅरेजमालक, फॅब्रिकेटर आणि ट्यूनर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गाडीच्या आवाजाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला स्वतःला चांगला आवाज आवडतो. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन वरच्या फेऱ्यांना चढत जातं तेव्हा त्याचा जो एकसंध सूर लागतो, त्यासाठी मी रस्त्यात थांबून वळून बघणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे ‘जरा आवाज काढून द्या ना’ म्हणत तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मला वेडं वाटत नाही. कंपनीतून निघालेली गाडी कोणालाच खटकू नये अशा बेताची असते. त्यात स्वतःचा सूर शोधण्याची हौस गाडीइतकीच जुनी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. आवाज मागितला की तुमच्यातले बरेच जण आधी ग्राइंडर उचलतात. आणि ग्राइंडर जिथे लागायला नको नेमका तिथेच लागतो. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, कापून सरळ पाइप टाकला, किंवा आतली जाळी फोडून रिकामा डबा परत जोडला, डिझेल असेल तर काजळी अडवणारा फिल्टर पोकळ केला, वर धूर तपासणाऱ्या सेन्सरला गप्प बसवायला एक तुकडा लावला, झालं काम. गिऱ्हाइकाला आवाज मिळतो. पण तो तुम्ही घडवलेला नसतो. अडवणारं काढून टाकल्यावर जे बाहेर पडतं ते असतं. तुमच्या हातात वेल्डिंगची कला आहे आणि कान तयार आहे, म्हणून हे काम तुम्हाला शोभत नाही असं मला वाटतं.

विनंती एकच आहे. आवाजाचं सगळं काम शेवटच्या कॅटच्या, आणि फिल्टर असेल तर फिल्टरच्या, मागे करा. त्याच्या पुढचं काही काढू नका, पोकळ करू नका, फसवू नका. ‘शेवटच्या’ हे मुद्दाम लिहिलं, कारण अनेक गाड्यांत एक कॅट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या भागाला, चिकटून आणि दुसरा गाडीच्या पोटाखाली असतो. खालचा तेवढा ‘फालतू’ असतो, काढला तरी चालतो, असं सर्रास सांगितलं जातं. तो फालतू नसतो.

आता हे जमतं कसं, ते बोलू. तुम्हाला यातलं पुष्कळ ठाऊक आहे, पण कारागिराच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगता येणारी गोष्ट यांत फरक असतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा गॅस एका झटक्यात पाइपात येतो. हे झटके एकामागून एक आले की त्यांचा सूर बनतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून मिनिटाचे फेरे ६० ने भागायचे आणि सिलिंडरच्या संख्येच्या निम्म्याने गुणायचे. चार सिलिंडरचं इंजिन २४०० फेऱ्यांवर असेल तर मूळ सूर ८० हर्ट्झ. तेवढ्याच फेऱ्यांवर तीन सिलिंडर ६० हर्ट्झ देतं आणि सहा सिलिंडर १२०. व्ही-८ चा तो गडगडता, लंगडत चालल्यासारखा आवाज येतो तो क्रॅंकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, रचनेमुळे: क्रॉस-प्लेन क्रॅंकमध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरचे झटके समान अंतराने पडत नाहीत. फ्लॅट-प्लेन क्रॅंकमध्ये ते समान पडतात, म्हणून तिथला व्ही-८ किंचाळतो, गडगडत नाही. थोडक्यात, गाडीचा स्वभाव इंजिनातच ठरलेला असतो. तीन सिलिंडरच्या हॅचबॅकला कितीही जाड पाइप लावा, त्यातून व्ही-८ निघणार नाही. हे वाक्य गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगण्याची हिंमत ज्याच्यात आहे तो खरा कारागीर. निम्मी तोडफोड तिथेच टळेल.

स्वभाव बदलता येत नाही, पण त्यातलं काय ऐकू यावं आणि काय दबावं हे ठरवता येतं. त्यासाठीच मफलर आहे. मोटारीच्या मफलरचं पेटंट रीव्ह्ज बंधूंनी अमेरिकेत १८९७ मध्ये घेतलं, आणि तेव्हापासून आजवर मूळ कल्पना दोनच आहेत. एक म्हणजे कप्पे करून लाटा एकमेकींवर उलटवायच्या. यात खालचे सूर चांगले दबतात. दुसरी म्हणजे भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचतंतू, बेसॉल्ट किंवा स्टीलची लोकर; यात वरचे कर्कश सूर शोषले जातात आणि खालचे बऱ्यापैकी सुटतात. गिऱ्हाइकाला हवा असतो तो ‘भारदस्त’ आवाज बहुधा याच दुसऱ्या प्रकारातून मिळतो. नको असतो तो पत्र्याचा, फाटका, करकरणारा भाग, साधारण हजार हर्ट्झ आणि त्यावरचा. गंमत अशी की हाच भाग कॅट आणि टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आधीच बराच कमी करून देत असतात. कॅट काढला की डेसिबल वाढतात, पण वाढतो तो मुख्यतः हा फाटका भाग. मग गिऱ्हाईक आठवड्याने परत येऊन म्हणतं, आवाज मोठा झाला पण मजा नाही. मजा कुठून येणार, ती गाळणारी जाळीच भंगारात गेली.

ज्या गाडीला दोन बाजूंना दोन पाइप आहेत तिथे तुमच्या हातात आणखी एक गोष्ट असते. दोन्ही पाइपांना जोडणारी आडवी नळी टाकली तर सूर खोल होतो. दोन्ही एकमेकांतून फुलीसारखे ओवले तर तो चढा आणि सलग होतो. हे सगळं कॅटच्या मागे करता येतं. कंपनीचा मधला रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सूर दाबणारा डबा, ठेवून फक्त मागचा मफलर बदलणं हा सर्वांत सौम्य बदल आहे, आणि मला विचाराल तर दहापैकी आठ गिऱ्हाइकांना तेवढाच पुरे असतो.

मात्र मागचा मफलर बदलला की एक दुखणं हमखास उद्भवतं, ते म्हणजे घुमणं. गाडी एका ठरावीक वेगाला आली की केबिनमध्ये कानावर दाब येतो, बोलणं नको होतं, लांबच्या प्रवासात डोकं उठतं. इंजिनाचा मूळ सूर आणि केबिनच्या पोकळीचा सूर तिथे जुळलेला असतो. चार सिलिंडरच्या गाड्यांत हे बहुधा २००० ते ३००० फेऱ्यांच्या मध्ये, म्हणजे ६५ ते १०० हर्ट्झच्या आसपास होतं. आणि नेमक्या याच फेऱ्यांवर आपण हायवेवर तासन्‌तास चालत असतो. यावर दुसरा मफलर वाढवण्याचा उपाय फारसा लागू पडत नाही. उपाय आहे तो मुख्य पाइपाला एका बाजूने काढलेली, टोक बंद असलेली नळी. कोणी तिला जे-पाइप म्हणतात. तिच्यात शिरलेली लाट बंद टोकावर आपटून परत येते आणि लांबी बरोबर असेल तर मुख्य पाइपातल्या त्याच सुराला खोडून टाकते. गॅसचा प्रवाह तिच्यातून जातच नाही, त्यामुळे इंजिनावर कसलाही ताण नाही, आणि कॅटला तर पत्ताही लागत नाही.

लांबी काढायची पद्धत सोपी: आवाजाचा वेग भागिले त्या सुराच्या चौपट. पण इथे भले भले चुकतात, म्हणून जरा रेंगाळतो. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २० अंशांच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर आहे, ४०० अंशांच्या गॅसमध्ये सुमारे ५२० मीटर. ८० हर्ट्झसाठी पहिला आकडा धरला तर नळी १.०७ मीटर येते, दुसरा धरला तर १.६ मीटर. अर्ध्या मीटरहून जास्त फरक! यातला खरा कोणता? दोन्ही नाहीत. बंद नळीतून प्रवाह जात नसल्याने तिच्यातला गॅस मुख्य पाइपापेक्षा बराच गार राहतो. तो १५० अंशांच्या आसपास असेल तर लांबी १.३ मीटरच्या घरात येते. म्हणून शहाणा फॅब्रिकेटर नळी आधी पक्की वेल्ड करत नाही. सरकतं टोक क्लॅम्पने लावतो, गाडी तापेपर्यंत चालवून येतो, केबिनमध्ये ऐकतो, टोक थोडं आत-बाहेर करतो आणि मगच टाका मारतो. या कामाला वेळ लागतो आणि त्याची मजुरी तुम्ही बिनदिक्कत मागावी. कापायला लागतो त्याहून जास्त वेळ घडवायला लागणारच.

आता कॅटमधल्या त्या जाळीकडे वळतो. तिच्यात काय आहे हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, आणि माफ करा, कापणाऱ्यालाही कधीकधी नसतं. कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी वीट, एका चौरस इंचात चारशे-सहाशे बारीक वाटा, त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे कण. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा निकाल एकाच वेळी लावणारी ही रचना तापल्यावर त्यांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करते. अट एवढीच की इंधन आणि हवेचं प्रमाण काटेकोर हवं. पेट्रोलला एक भाग इंधन आणि वजनाने सुमारे १४.७ भाग हवा. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर कन्व्हर्टर बनवला, पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं तो निकामी करून टाकायचं. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून तो सर्रास बसू लागला तो शिसंविरहित पेट्रोलच्या जोडीनेच. पुढे १९७६ मध्ये बॉशने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर आणला, प्रथम व्होल्वोच्या गाड्यांसाठी, आणि ते काटेकोर प्रमाण सांभाळणं शक्य झालं.

म्हणजे कॅट एकटा नाही. त्याच्या पुढचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मिश्रण सांगतो, मागचा सेन्सर कॅट काम करतोय का ते सांगतो. कॅट नीट असेल तर मागच्या सेन्सरचा आलेख जवळपास सपाट राहतो. कॅट पोकळ केला की तो पुढच्या सेन्सरसारखाच नाचू लागतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० हा कॅटच्या बिघाडाचा कोड येतो. मग मागचा सेन्सर एका तुकड्याने प्रवाहाच्या बाहेर ओढायचा किंवा ईसीयूमध्ये त्याचं ऐकणंच बंद करायचं. याला तुम्ही ‘सोल्यूशन’ म्हणता. मी याला गाडीचा एक डोळा बांधणं म्हणतो. उद्या इंजेक्टर गळू लागला, प्लग चुकू लागला, तर हेच सेन्सर सांगणार होते.

‘पण साहेब, पिकअप वाढतो.’ यावर प्रामाणिकपणे बोलायला हवं. टर्बो गाडीत टर्बोनंतरचा पाइप मोकळा केला आणि ट्यून, म्हणजे ईसीयूमधलं प्रोग्रामिंग, बदललं तर ताकद वाढते, हे मी नाकारत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत मात्र नुसता कॅट काढून जाणवण्याइतका फरक क्वचितच पडतो; आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं, ते निराळं. उलट पाइप गरजेपेक्षा जाड केला तर गॅसचा वेग पडतो, एका सिलिंडरचा झटका पुढच्याला जो ओढून घेतो ती ओढ कमी होते आणि खालच्या फेऱ्यांचा दम जातो. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतं’ हा जुना समज यातूनच आला. इंजिनाला मागचा दाब नको असतो, गॅसचा वेग हवा असतो. ज्याला ताकदच हवी आहे त्याच्यासाठी कमी वाटांचे, मोकळे कॅट मिळतात. पण त्या गाडीसाठी मंजुरी असलेला असेल तरच. चौरस इंचात शंभर वाटा आणि वर नुसती चकाकी, असल्या स्वस्त डब्याला कॅट म्हणू नका.

हेडर, म्हणजे कंपनीच्या मॅनिफोल्डच्या जागी बसवायच्या नळ्या, बदलताना विशेष जपा. आजच्या अनेक गाड्यांत पहिला कॅट मॅनिफोल्डच्या अंगातच असतो. हेडर बदलला म्हणजे कॅट गेलाच. कॅट उचलून मागे नेऊन बसवला तरी नुकसान आहे. जाळी साधारण अडीचशे ते तीनशे अंशांना काम सुरू करते. थंड गाडी चालू केल्यावर ईसीयू मुद्दाम फेरे वाढवून, ठिणगी उशिरा पाडून तिला लवकर तापवतो. गाडीचा बराचसा विषारी धूर या पहिल्या एक-दोन मिनिटांतच निघत असतो. कॅट अर्धा मीटर मागे सरकला की ही वेळ लांबते.

डिझेलच्या फिल्टरबद्दल थोडक्यात. तो काजळी साठवतो आणि सुमारे ६०० अंशांना ती जाळून स्वतःला साफ करतो. भरला असेल तर आधी का भरला ते शोधा: छोट्या छोट्या फेऱ्या, बिघडलेला दाबाचा सेन्सर, गळता इंजेक्टर, चुकीचं ऑइल. काढून टाकणं हा दुरुस्तीचा प्रकार नव्हे. युरोपात २०१८ च्या सुमारास इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांतही असा फिल्टर आला आणि अनेक स्पोर्ट्स गाड्यांचा आवाज एकदम दबला, हौशी लोक हळहळले. मीही हळहळलो. पण त्यावर इलाज फिल्टरच्या मागेच शोधायचा आहे.

‘फटाक्यां’बद्दल मात्र माझं मत कडक आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फाट-फाट वाजावं म्हणून ट्यूनमध्ये ठिणगी उशिरा पाडायची आणि वर इंधन सोडायचं, म्हणजे ते इंधन इंजिनात न जळता पाइपात जळतं. कॅटच्या तोंडावर. जाळीचं तापमान हजार अंशांच्या दिशेने गेलं की धातूचे कण एकमेकांत मिसळून गोळे होतात आणि पृष्ठभाग कमी होतो. ते परत सुटे होत नाहीत. आणखी वर, १४०० अंशांच्या पुढे, वीटच वितळते आणि पाइप तुंबतो. काही गाड्या कंपनीतूनच थोड्या फुटफुटतात. तिथे तापमानाचा हिशोब ईसीयूत घातलेला असतो. लॅपटॉपवरून उतरवलेल्या तयार ट्यूनमध्ये तो असेल याची खात्री तुम्ही देऊ शकता का? नसाल, तर हे काम घेऊ नका. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. जाऊ द्या.

काम कॅटच्या मागचं असलं तरी हलगर्जीपणाने पुढचं बिघडू शकतं. मागच्या सेन्सरची वायर ताणली गेली किंवा गरम पाइपाला टेकली की ती वितळते. पुढच्या सेन्सरच्या आधीच्या सांध्यातून गळती राहिली तर दोन झटक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंधन कमी आहे, ईसीयू जास्त सोडतो, आणि जास्तीचं इंधन कॅटला भाजून काढतं. म्हणून पाइप हलवलाच असेल तर पुढचे गॅस्केटही तपासा. सांध्याला साधं सिलिकॉन फासू नका. त्याची वाफ सेन्सरवर बसते आणि सेन्सर बधिर होतो. सेन्सरला चालणारं म्हणून लिहिलेलंच वापरा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवा, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळच लावा. लवचीक तुकडा (फ्लेक्स पाइप) आणि रबरी टांगण्या कंटाळा करून गाळू नका. इंजिन हलतं, पाइप हलला नाही तर मॅनिफोल्डला तडा जातो. उष्णता अडवणारे पत्रे खडखडतात म्हणून काढून फेकणं तर गुन्हाच, कारण त्यांच्या वर इंधनाची प्लॅस्टिकची टाकी असते.

आणि शेवटचं टोक गाडीच्या बाहेर काढा. मफलर काढून पाइप पोटाखालीच संपवण्याची जी टूम आहे तिच्यात धोका आवाजाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला रंग नाही, वास नाही. उभ्या गाडीत एसी लावून झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

पाण्याचंही लक्षात ठेवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या पाइपातून ते वाफ होऊन जातं, थोड्या अंतराच्या फेऱ्यांत मफलरच्या तळाशी साचतं. नव्या मफलरला तळाशी बारीक भोक ठेवलंय का, पाहा. त्या भोकातून ठिबकणाऱ्या पाण्याला गिऱ्हाईक बिघाड समजेल, तर त्याला समजावून सांगा.

ज्याला कधी शांत, कधी मोकळा असा दोन्ही आवाज हवा आहे, त्याला झडपेचा मफलर सुचवा. फुलपाखरासारखी पाकळी, मोटरवर किंवा व्हॅक्यूमवर चालणारी. बंद असताना गॅस पूर्ण मफलरमधून जातो, उघडली की जवळच्या वाटेने. आणि ज्याला आवाज फक्त स्वतःला ऐकायचा आहे, त्याला एक्झॉस्टकडे नेऊच नका! हवा आत घेतानाचा आवाज केबिनपर्यंत आणणारी नळी टोयोटाने जीटी८६ मध्ये कंपनीतूनच दिली होती. रस्त्यावरच्या माणसाला काही कळत नाही, चालवणारा खूश. हा मार्ग इतका कमी वापरला जातो याचं मला नेहमी नवल वाटतं. त्यात कॅट नाही, पोलीस नाही, शेजारी नाही.

शेजारी म्हटल्यावर मोजमापाकडे यावं लागतं. तुम्ही मोबाइलवर ॲप लावता, आकडा दाखवता आणि मर्यादेत ‘बसतंय’ म्हणता. ते ॲप बहुधा ए-वेटिंगने मोजतं, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना वजाबाकी देतं. ८० हर्ट्झला ही वजाबाकी २२ डेसिबलहून जास्त आहे. त्यामुळे घुमणारी गाडी ॲपवर सभ्य दिसते. पण भिंतीतून आणि बंद खिडकीतून आत जातो तो नेमका हाच खालचा सूर, कर्कश भाग बाहेर अडतो. आकड्यात बसलेली गाडी पहाटे लोकांना का उठवते, याचं उत्तर इथे आहे. डेसिबलच्या पट्टीचं गणितही सरळ नसतं: दहाची वाढ म्हणजे दहापट ऊर्जा आणि कानाला साधारण दुप्पट आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. एक मोकळा पाइप त्याचं काय करत असेल, ते तुमच्या कानाला विचारा.

मोजायचंच असेल तर नीट मोजा. उभ्या गाडीच्या प्रमाणित चाचणीत मायक्रोफोन पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंशांत, तोंडाच्या उंचीला पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर वर ठेवतात आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरतात. साधा पण खरा साउंड मीटर घ्या, काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजा, दोन्ही आकडे बिलावर लिहा. कंपनीच्या मफलरपेक्षा किती वाढलं हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत आणि घट्ट होत चालल्या आहेत. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमावलीने साध्या मोटारींसाठी धावत्या चाचणीची मर्यादा ७२ वरून टप्प्याटप्प्याने ६८ डेसिबलवर आणायचं ठरवलं. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये तर उत्सर्जनाचं उपकरण काढण्याबरोबरच ते निकामी करणारा भाग विकणं आणि बसवणंही निषिद्ध आहे. म्हणजे दंड फक्त गिऱ्हाइकाच्या नावावर निघेल असं समजू नका. आपल्याकडे येणारी गाडी जिथे नोंदवलेली आहे तिथला नियम कामाला हात घालण्याआधी वाचणं, हेही तुमच्याच कामात मोडतं.

बिलावर आणखी थोडं लिहा. कोणता मफलर, कोणत्या प्रकारचा, त्याला मंजुरीची खूण आहे का, आणि ‘कॅट, फिल्टर व सेन्सर मूळ स्थितीत’ हे एक वाक्य. लोकर भरलेला मफलर असेल तर हेही सांगा की लोकर हळूहळू जळते, उडते आणि आवाज वाढत जातो. आज बसणारी गाडी दोन वर्षांनी बसेलच असं नाही. उघडून पुन्हा भरता येईल असा मफलर द्या आणि भरायला त्याला परत बोलवा.

आणि काढलेला कंपनीचा मफलर भंगारात टाकू नका, ‘आमच्याकडेच राहू दे’ म्हणू नका. फ्लँजला बोल्टने जोडून काम केलं असेल तर तो परत बसवता येतो. म्हणून शक्य तिथे पाइप कापण्याऐवजी कंपनीच्या सांध्यावरच जोडा. बोल्ट आणि रबरं पिशवीत घालून मफलरला बांधा, वर गाडीचं मॉडेल लिहा आणि गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवून द्या. गाडी विकताना, तपासणीला नेताना किंवा नुसता कंटाळा आला म्हणून तो कधीतरी तुमच्याकडेच परत बसवायला घेऊन येईल.

आपला,
चांगल्या आवाजाचा एक शौकीन

ता. क. सरळ पाइपाची तयार किट तुमच्या दुकानात दर्शनी भागात टांगलेली असेल, तर तिच्या शेजारी एखादा कापून उघडलेला मफलर आणि एक जुनी, शाबूत जाळीही टांगा. विचारणारे थांबून बघतील.